भान असणे आणि भान राखणे

वारकरी सज्जनहो, सांप्रत पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात ‘माइंडफुलनेस’ हा शब्द फार ऐकू येतो. कंपन्यांतून त्याचे वर्ग भरतात, मोबाइलवर त्याचे पाठ मिळतात. श्वासाकडे लक्ष द्या, चालताना पावलाकडे लक्ष द्या, जेवताना घासाकडे लक्ष द्या, असे तेथे शिकवतात. आकुर्डीच्या आपल्या मंडळींपैकी तरुण माळकरी हरिपाठ आटोपल्यावर विचारतात, “महाराज, हे म्हणजे आपलं नामस्मरणच ना? आणि भान तर माणसाला असतंच की. मग ते शिकायचं काय?” एकाच दमात विचारलेले हे दोन प्रश्न आहेत आणि दुसरा आधी सोडविल्याशिवाय पहिल्याचे उत्तर सापडत नाही. म्हणून दुसऱ्यापासून आरंभ करू.

भान माणसाला असते, हे खरे. जागा असलेला प्रत्येक जीव काही ना काही जाणत असतो. डोळे उघडे असले की रूप दिसते, कान उघडे असले की नाद येतो. ही जी सहज जाणीव, तिला काही साधन लागत नाही. परंतु ती कशी असते ते पाहा. घरात पंखा फिरत असतो. त्याचा आवाज कानावर पडतच असतो, पण वीज गेली आणि पंखा थांबला म्हणजे मग कळते, अरे, इतका वेळ आवाज होत होता! म्हणजे आवाज जाणिवेत होता आणि नव्हताही. नैयायिक याची उपपत्ती अशी लावतात की मन अणुपरिमाण आहे, एका वेळी एकाच इंद्रियाशी त्याचा संयोग होतो. जेथे मन नाही तेथे इंद्रिय उघडे असूनही ज्ञान होत नाही. बृहदारण्यकातही हाच अनुभव सांगितला आहे की, मन दुसरीकडे होते म्हणून मी पाहिले नाही, मन दुसरीकडे होते म्हणून मी ऐकले नाही. रोजचे उदाहरण घ्यायचे तर मोटारसायकलने चाकणला जाणारा माणूस कंपनीच्या फाटकाशी पोचतो आणि वाटेतले चौक कसे ओलांडले ते त्याला आठवत नाही. तो झोपलेला नव्हता. सिग्नलला थांबला होता, ब्रेकही वेळेवर दाबला होता. जाणीव होती, पण तिचा धनी घरी नव्हता.

आता एक प्रसिद्ध गोष्ट घ्या. जांबेच्या नारायणाचे लग्न लागत होते. मंगलाष्टके चालू होती आणि भटजींनी प्रथेप्रमाणे ‘सावधान’ म्हटले. तो शब्द मांडवातल्या सर्वांच्या कानांवर पडला. करवल्या, वऱ्हाडी, वाजंत्री, आचारी, कुणाच्या कानात बोटे नव्हती. पण एकट्या नवऱ्या मुलाने तो ऐकला, आणि तो बोहल्यावरून निघून गेला. पुढे तोच रामदास झाला. जाणीव सर्वांना झाली, अवधान मात्र एकाचे होते. (लग्नातून पळून जा, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये, बरं का. आमचा वारकरी संप्रदाय प्रपंचातल्या माणसांचा आहे.)

‘सावधान’ म्हणजे स-अवधान. या शब्दाच्या पोटात ‘धा’ हा धातू आहे. धा म्हणजे ठेवणे. अवधान म्हणजे मन एके ठिकाणी नेऊन ठेवणे. समाधान, समाधी, निधान ही सगळी याच धातूची लेकरे. आणि ज्या शब्दावर आपल्या संतांचा सर्वांत अधिक भर आहे तो ‘अनुसंधान’ हाही त्यातलाच. संधान म्हणजे सांधणे, जोडणे. अनु म्हणजे मागोमाग, पुन्हा पुन्हा. जे तुटते ते पुन्हा सांधायचे, पुन्हा तुटले की पुन्हा सांधायचे, याला अनुसंधान म्हणावे. शब्दानेच कबूल केले आहे की मन तुटणार. ज्याला वाटते की एकदा बसले की मन ढळताच कामा नये, आणि ढळले की ‘मला हे जमत नाही’ म्हणून जो उठून जातो, त्याने या शब्दाची फोड करून पाहावी. जाणीव आपोआप होते. अवधान द्यावे लागते. अनुसंधान राखावे लागते. ज्ञानोबारायांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती अवधानाची. समोर संतसभा बसली आहे, सगळे जागे आहेत, सगळ्यांना ऐकू येते आहे, आणि तरीही माउली अवधान मागतात. नुसत्या जागेपणाने काम भागत असते तर मागण्याचे कारण काय होते?

आता पहिला प्रश्न. हा इंग्रजी शब्द आला कोठून? मौज अशी आहे की तो आपल्याच घरचा आहे, फक्त फार लांबची यात्रा करून परत आला आहे. पाली भाषेत ‘सति’ असा शब्द आहे. संस्कृत ‘स्मृती’चे ते पाली रूप. भगवान बुद्धांच्या उपदेशात त्याला मोठे स्थान आहे. शरीर, वेदना, चित्त आणि धर्म अशा चार ठिकाणी स्मृती कशी स्थापावी हे सांगणारे एक संपूर्ण सूत्र मज्झिमनिकायात आहे. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने पाली सूत्रांच्या भाषांतरात ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला आणि तोच पुढे रूढ झाला. इकडे ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेचे मोठे केंद्र उभे राहिले. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली हीच विद्या रोग्यांचे दुःख आणि मनाचा ताण हलका व्हावा म्हणून धर्मनिरपेक्ष रूपात शिकवावयास घेतली. तेथून ती कंपन्यांत आली आणि कंपन्यांतून आकुर्डीत.

परंतु आकुर्डीला ती काही प्रथमच आली असे नाही. आपल्या जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने देहूरोड सोडून पुढे गेले की घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. त्यावर कोरलेली लेणी बौद्ध भिक्षूंची आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. तेथे भिक्षू स्मृतीचा अभ्यास करीत बसत. आणि त्याच डोंगरावर तुकोबाराय चिंतनाला जात, अशी आपली परंपरा आहे. एकाच खडकावर एका काळी ‘सति’ चालली आणि दुसऱ्या काळी ‘स्मरण’ चालले. धातू एकच, स्मृ. भिक्षूंचे आणि तुकोबांचे तत्त्वज्ञान एक होते असे मी म्हणत नाही. आत्मा आणि ईश्वर या विषयांत दोघांत मोठे अंतर आहे आणि ते पुसून टाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे. पण मनाला जेथे ठेवले तेथे ते राहात नाही, त्याला आठवण देऊन परत आणावे लागते, हे दोघांनीही ओळखले होते.

येथे एक शंका येईल. स्मृती म्हणजे तर मागचे आठवणे, आणि हे वर्ग घेणारे सांगतात की वर्तमान क्षणात राहा. मग स्मृती आणि वर्तमान यांची गाठ कशी? तर्कसंग्रह वाचलेला विद्यार्थी हीच शंका काढील, कारण तेथे ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले आहेत आणि नुसत्या संस्कारातून उपजते ती स्मृती, असे म्हटले आहे. पतंजलींनीही स्मृती ही पाच वृत्तींमध्ये मोजली आहे. पण त्याच पतंजलींनी दुसऱ्या एका सूत्रात श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा अशी पायऱ्यांची ओळ लावली आहे. तेथील स्मृती म्हणजे काल काय जेवलो ते आठवणे नव्हे. मी काय करावयास बसलो आहे, याची आठवण ती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश अशी साखळी सांगितली आहे. तेथेही हाच अर्थ. रागावलेल्या माणसाला समोर कोण उभा आहे ते दिसत नसते असे नाही. समोर आपला बाप आहे हे त्याला दिसते, ऐकू येते. जाणीव शाबूत आहे. पण ‘हा बाप आणि मी मुलगा’ ही आठवण सुटलेली असते. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन काय म्हणतो? मोह गेला, स्मृती लाभली. कुरुक्षेत्रावरचे सैन्य त्याला पहिल्या अध्यायातही दिसतच होते की!

बौद्ध ग्रंथांत स्मृतीला वेशीवरच्या द्वारपालाची उपमा दिली आहे, ती मला फार आवडते. नगराला भिंत आहे, वेस आहे, वेशीत शहाणा पहारेकरी उभा आहे. ओळखीच्याला आत घेतो, अनोळख्याला अडवतो. आता पाहा, जाणीव म्हणजे उघडी खिडकी. तिच्यातून वारा येतो, धूळ येते, उजेड येतो, माशीही येते. खिडकीला कुणाला अडविता येत नाही. द्वारपालाला येते, कारण हे नगर कुणाचे आहे ते त्याला आठवते.

म्हणूनच नुसती एकाग्रता ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. ओढ्याच्या काठी एका पायावर उभा असलेला बगळा पाहा. त्याच्याएवढे लक्ष कीर्तनात कुणाचे असते? पालखीच्या गर्दीत खिसेकापूही हिंडतो. बोटांच्या टोकापर्यंत सावध, श्वाससुद्धा मोजून घेतो. त्याला कुणी ‘माइंडफुलनेस’ शिकवायला नको. बौद्धांनीही सम्यक स्मृती आणि मिथ्या स्मृती असे दोन भेद मानले आहेत, ते याचसाठी. याच्या उलट, ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे व्याख्यान करताना माउली अहिंसक पुरुषाचे चालणे वर्णितात. भ्रमर कमळावर पाय ठेवतो तो केसर चुरडेल या शंकेने किती हळू ठेवतो, तसे त्याचे पाऊल. पावलाकडे लक्ष दोघांचेही आहे, खिसेकापूचे आणि त्या पुरुषाचे. एकाचे पाऊल दुसऱ्याचे हरण करण्यासाठी हळू पडते, दुसऱ्याचे कुणाला दुखू नये म्हणून. नव्या वर्गांतून पावलाकडे लक्ष द्यायला शिकवतात ते चांगलेच आहे, पण पाऊल कशासाठी हळू पडावे हेही त्याबरोबर शिकविले पाहिजे.

आता मन राखायचे तर ते कशाने राखले जाते? येथे दोन दृष्टांत समोरासमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला संयुत्तनिकायातला. देशातली सर्वांत सुंदर नर्तकी नाचते आहे, लोकांची झुंबड उडाली आहे. त्या गर्दीतून एका माणसाला काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र घेऊन जायचे आहे आणि मागे उपसलेली तलवार घेऊन दुसरा चालतो आहे. थेंब सांडला की मस्तक उडेल. त्या माणसाचे लक्ष पात्रावरून ढळेल काय? आपल्याकडे कीर्तनांतून जनकराजाने शुकमुनींना भरलेले पात्र देऊन मिथिलेतून फिरविल्याची जी कथा रंगते, ती याच जातीची.

दुसरा दृष्टांत आपल्या नामदेवरायांचा. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात त्यांनी चार चित्रे काढली आहेत. मुलगा पतंग उडवतो, सवंगड्यांशी बोलतो, पण चित्त दोरीवर. बायका पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत, टाळ्या देत चालल्या आहेत, पण चित्त घागरीवर. गाय कोसन् कोस दूर चरते, पण चित्त वासरावर. आई घरात कामात गुंतली आहे, पण चित्त पाळण्यातल्या लेकरावर.

पहिल्या दृष्टांतात मनाला धाकाने राखले आहे, दुसऱ्यात ओढीने. तलवारीच्या धाकाने पात्र सांडत नाही हे खरे, पण तलवार दूर झाली की पात्रही खाली ठेवले जाते. आईच्या मागे तलवार कुठे असते? आणि आणखी एक पाहा. पात्रवाल्याला नाचाकडे पाहण्याची सोय नाही. त्याला जग बंद करूनच चालावे लागते. घागरवाल्या बायका मात्र बोलतात, हसतात, वाटेतला दगडही चुकवतात. प्रपंचाच्या माणसाला यांतले कोणते साधन झेपेल, हे सांगायला नको. बुद्धांचा दृष्टांत घर सोडलेल्या भिक्षूंसाठी होता, त्यांना तो शोभतोही. नामदेव बोलले ते दळणकांडण करणाऱ्यांसाठी.

मात्र वारकऱ्याने यावर लगेच मान डोलावू नये. कारण आपल्याच संतमेळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती या ठिकाणी आडवी येते. तेरचे गोरोबाकाका. बायको पाण्याला निघाली, मूल अंगणात ठेवून गेली, लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते आणि नामात रंगले होते. मूल रांगत आले आणि पायाखाली गेले. गोरोबांना कळलेसुद्धा नाही. आकुर्डीत मला एका प्रेस चालविणाऱ्या माळकऱ्याने हीच गोष्ट पुढे करून विचारले, “महाराज, मी मशीनवर नाम घेऊ की नको? गोरोबांचं झालं तसं माझं झालं तर?” त्याने नुसती शंका काढलेली नव्हती. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या हेल्परची दोन बोटे पंचखाली गेली होती.

या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. आम्ही कीर्तनकार गोरोबांची कथा लावतो तेव्हा तल्लीनतेचा महिमा गातो, श्रोते डोळे पुसतात, आणि मूल परत रांगत आले म्हणून पुंडलीकवरदाचा गजर होतो. गोरोबांच्या अधिकाराबद्दल बोलण्याची माझी योग्यता नाही. ज्यांच्या थापटण्याने नामदेवांसारख्याचे मडके कच्चे ठरले, ते आपल्या मापाने मोजायचे नाहीत. पण कथा पुरती ऐकावी. पुढे गोरोबांनी हात तोडून घेतले, आणि घरचा व्यवसाय चालवायला पांडुरंगाला कुंभार होऊन यावे लागले. ज्याच्या घरी पांडुरंग मडकी घडवायला येतो, त्याने भान हरपले तर शोभते. आपल्या घरी पहिल्या तारखेला किराण्याचे बिल येते.

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे तीन अवस्था वेगळ्या केल्या पाहिजेत. मूल अंगणात आहे हे गोरोबांना ठाऊक होते, बायकोने सांगितलेच होते. ती जाणीव. नामात देह विसरला, ती तल्लीनता. तेथे भान हरपते. आणि नामदेवांच्या चित्रातली आई काम करता करता पाळण्याकडे कान ठेवते, ते अनुसंधान. तेथे भान राखलेले असते. पहिल्या अवस्थेत मूल वाचेलच असा भरवसा नाही. दुसरीत देवाने वाचवले तर वाचेल. तिसरीत आईच वाचवते. तल्लीनता ही कृपेची गोष्ट आहे, ती यायची तेव्हा येते. ती कीर्तनात यावी, एकांतात यावी. रस्ता ओलांडताना, चुलीपाशी, प्रेसपाशी तिला बोलावू नये. तेथे अनुसंधानच हवे.

मग त्या माळकऱ्याने काय करावे? मी त्याला म्हटले, नामदेवरायांच्या चित्रात घागर कोणती आणि गप्पा कोणत्या हे ओळख. जॉब लावताना, हात डायमध्ये असताना, तुझी घागर म्हणजे तुझी दहा बोटे. तेवढा वेळ चित्त तेथे. ओठांवर नाम असले तर असू दे, पण चित्त बोटांवरून काढून नामावर नेऊ नकोस. याच बोटांनी तू टाळ वाजवतोस, याच बोटांनी लेकीला घास भरवतोस. ती सांभाळणे ही पांडुरंगाचीच सेवा. सावता महाराजांनी अरणला मळ्याच्या कामात विठ्ठल पाहिला, त्यांना मळा सोडून पंढरी गाठावी लागली नाही. जॉब बदलताना, चहाच्या सुट्टीत, येण्याजाण्याच्या बसमध्ये मग चित्त नामावर ने. त्याने विचारले, हजारदा तेच ते करून हात आपोआप चालतो, मन आपोआप निघून जाते, त्याचे काय? हा खरा अडचणीचा ठिकाणा. संस्कार दृढ झाला की कामाला मन लागत नाही, आणि रिकामे झालेले मन गावी शेताच्या बांधावर जाऊन बसते. नवखा माणूस भीतीने सावध असतो. जुन्याची भीती गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरे काही आलेले नसते. म्हणून प्रत्येक जॉबला एक खूण लावून घ्यावी. मशीनवर हात ठेवण्याआधी गळ्यातल्या माळेची आठवण करायची आणि मग हात पुढे करायचा. माळ गळ्यात असते ती आठवणीसाठीच. दागिना म्हणून कुणी ती घालीत नाही.

परंतु याबरोबर एक गोष्ट मी सांगितली, ती येथेही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख एखादा मालक कारखान्याच्या भिंतीवर चिकटवील. सतत भान राखणे कोणत्याही माणसाला साधत नाही. आपल्या सप्ताहातली वीणा पाहा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, चोवीस तास वीणा उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही, गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यापुरती. घेणारा पाया पडतो, देणारा पाया पडतो, आणि वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. रात्री दोन-तीनच्या सुमारास मंडपात सगळे आडवे झालेले असतात. एक समई, एक कुत्रे आणि एक विणेकरी. झोप त्याच्या पापण्यांवर बसलेली असते, तरी बोट तारेवरून सुटत नाही. स्मृतीचे याहून सोपे चित्र मला दाखवता येणार नाही. आता विचार करा की, पूर्वजांनी विणेकऱ्याला पाळ्या का लावून दिल्या? एकाच निष्ठावंताला सात दिवस उभे का केले नाही? कारण त्यांना ठाऊक होते की निष्ठा कितीही असली तरी देहाला मर्यादा आहे. जे वीणेच्या बाबतीत आम्ही जाणतो, ते प्रेसच्या बाबतीत विसरून कसे चालेल? बारा बारा तास उभ्या असलेल्या कंत्राटी पोराची बोटे गेली म्हणजे ‘त्याचं लक्ष नव्हतं’ असे म्हणणे हा अन्याय आहे. लक्ष जाणारच. ते गेले तरी बोटे राहावीत, यासाठीच यंत्राला गार्ड असतो, सेन्सर असतो, दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय पंच खाली येऊ नये अशी योजना असते. यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्यानेच कारखान्यावर टाकली होती. उत्पादन वाढावे म्हणून सेन्सर बंद करून ठेवायचा आणि कामगाराला श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचे, याला स्मृती म्हणत नाहीत. वेशीचे दार काढून नेले आणि पहारेकऱ्याला डोळे उघडे ठेव म्हणून सांगितले, असा तो प्रकार झाला.

मग त्या वर्गाला जावे की नाही? खुशाल जावे. श्वास काही कंपनीचा नाही. तासभर मन जागेवर बसवायची सवय लागली तर हरिपाठाला तिचा उपयोगच होईल. फक्त तेथे जे शिकवतात ते अवधान, तेवढे आपण घ्यावे. अनुसंधान कुणाचे ठेवायचे ते आपल्याला घरूनच ठाऊक आहे. आणि वर्गाहून परत येताना मोबाइल पाहत निगडीचा चौक ओलांडू नये, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

समुदायात भान कसे राखले जाते हे पाहायचे असेल तर माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला उभे राहावे. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच तेवढे वाजत राहतात. नाचणाऱ्याचा नाच खरा, गाणाऱ्याचे गाणे खरे, तरी प्रत्येकाच्या डोळ्याचा एक कोपरा त्या दंडाकडे असतो. हे कुणी वर्ग घेऊन शिकवलेले नाही. पायी चालता चालता नव्या वारकऱ्याच्या अंगी ते जुन्याकडून येते. आपल्या आकुर्डीला तुकोबारायांची पालखी देहूहून निघाल्यावर दुसऱ्या रात्री विठ्ठलमंदिरात विसावते, तेव्हा येथील तरुणांनी दिंडीतल्या म्हाताऱ्यांची पंगत कशी बसते, पातळीवर पाणी कोण आधी फिरवतो, कुणाचे जोडे कुणाच्या पायाखाली येत नाहीत, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ कळेल. १६८५ साली नारायणमहाराजांनी पालखीची प्रथा घातली, तेव्हापासूनची ही शाळा आहे.

जाता जाता सप्ताहाच्या व्यवस्थापक मंडळींना एक सूचना. वीणेच्या पहाऱ्याची यादी करताना कोण कुठल्या पाळीला कामावर जातो ते विचारून घ्यावे. रात्रपाळी करून आलेल्या किंवा पहाटे पाचची बस धरणाऱ्या माणसाला भिडेखातर रात्री तीनचा पहारा लावू नये. त्याचे नाव संध्याकाळी हरिपाठानंतरच्या पहाऱ्याला लिहावे. रात्रीचे पहारे सेवानिवृत्त मंडळींनी वाटून घ्यावेत. आम्हां म्हाताऱ्यांना तशीही त्या वेळी झोप नसते.